अमेरिकन तोंडाची मर्सिडीज

शारजा,
17 जानेवारी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

इकडे थंडी पडलीय म्हणून तुझी काकू खूश आहे. आता गाडीचं लिहितो, कारण तुझ्या पत्रातला निम्मा मजकूर तिच्याबद्दलच आहे.

तू म्हणतोस, जुन्या गाडीचं मोल मूळपणात असतं, तेव्हा काका, बंपर आणि हेडलाइटना हात लावू नका. आणि खाली लिहितोस, चोर बाजारात जुन्या मर्सिडीजचे दिवे दिसले, पाठवू का? पहिलं मला पटत नाही आणि दुसरं चालणार नाही. का ते सविस्तर सांगतो.

माझी 380 एसएल 1982 ची, पण अमेरिकेत विकलेली. इथे अशा गाड्या तिकडून कंटेनरमधून येतात. हे मॉडेल 1971 साली जर्मनीत निघालं आणि 1989 पर्यंत जवळजवळ त्याच अंगाने चाललं. फ्रीडरिश गायगरच्या हाताखाली रेखाटलेल्या या गाडीचा बंपर बारीक, क्रोमचा, अंगालगत बसणारा. दोन्ही बाजूंना एकेक रुंद काचेचा दिवा आणि त्याच काचेच्या आत फॉगलाइट. शेजारच्या इंडिकेटरवर आडव्या खाचा आहेत. त्या शोभेच्या नाहीत. वरच्या कडांवर चिखल बसला तरी आतल्या खोलगट भागातून उजेड दिसत राहावा म्हणून त्या ठेवल्यात.

ही गाडी अमेरिकेला निघाली की मात्र तिचं तोंड बदलायचं. तिथे 1940 पासून 'सील्ड बीम' सक्तीचा. तार, आरसा आणि काच मिळून एकच बंद गोळा. गेला की अख्खा बदलायचा. 1983 पर्यंत दुसरा दिवा चालतच नव्हता. म्हणून जर्मन काच काढून दोन्हीकडे दोन-दोन गोल दिवे बसवले. मग 1973 च्या मॉडेलपासून बंपरचा कायदा आला: ताशी 5 मैलांनी, म्हणजे 8 किलोमीटरच्या वेगाने ठोकर बसली तरी दिव्यांना आणि सुरक्षेच्या भागांना इजा होता कामा नये. धक्का गिळायला बंपरमागे डँपर बसवले आणि त्यांना आत दबायला जागा हवी म्हणून बंपर पुढे काढला. 1974 पासूनच्या अमेरिकन एसएल बघ, दात पुढे आल्यासारख्या दिसतात. पुढे अमेरिकेने 1983 च्या मॉडेलपासून अट ताशी अडीच मैलांवर आणली, तरी या गाडीचा बंपर होता तिथेच राहिला.

मग यातलं मूळ कुठलं? कारखान्यातून माझी गाडी याच तोंडाने बाहेर पडली हे खरं. पण ते तोंड रेखाटणाऱ्याने दिलेलं नाही, वॉशिंग्टनच्या नियमाने दिलंय. तो नियम मूर्खपणाचा होता असं मी म्हणत नाही. पार्किंगमध्ये मागून कुणी टेकलं तर तो अवजड बंपरच बरा, बारीक बंपर तिथे नावापुरता. तरी रोज सकाळी जिच्याकडे बघायचं ती कशी दिसावी हे ठरवायचा हक्क मला आहे, असं मला वाटतं. आपल्याकडे दसऱ्याला चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते. त्या काळी तो कारखाना इंजिन आणि चेसिस द्यायचा, बॉडी दुसरा कारागीर गिऱ्हाइकाच्या मर्जीने बांधायचा. तिच्यातलं मूळ काय नि मर्जी काय, हे विचारायच्या भानगडीत कोल्हापुरात कुणी पडत नाही.

मर्जीलाही शेवट असतो म्हणा. इथे अबू धाबीला शेख हमद बिन हमदान अल नाह्यान यांचा गाड्यांचा संग्रह आहे. आठवड्याच्या सात वारांना सात रंगांच्या एस-क्लास मर्सिडीज त्यांनी करवून घेतल्या. लोक त्यांना 'रेनबो शेख' म्हणतात. बघायला मजा येते, पण माझी धाव तिथवर नाही. एलईडीची कडी, काळ्या काचा, फायबरचा रेसिंग बंपर यातलं काही मी लावणार नाही. माझी अट एकच: निघेल ते पुन्हा बसलं पाहिजे. बॉडीला नवीन भोक नाही, वेल्डिंग नाही, आणि अमेरिकन बंपर कापडात गुंडाळून माळ्यावर.

आता चोर बाजारच्या दिव्यांचं. ते आपल्याकडच्या, म्हणजे उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्यांचे. डिप्परचा उजेड सपाट कापलेला असतो आणि एका बाजूला 15 अंशांनी वर चढतो, रस्त्याची कड दिसावी म्हणून. आपल्याकडे तो डावीकडे चढतो. इथे रहदारी उजवीकडून, त्यामुळे तोच चढ समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जाईल. इथेही पूर्वी डावीकडूनच चालायचे, 1966 साली बाजू बदलली.

दिवा ओळखायची खूण काचेवरच असते. वर्तुळात 'ई' आणि आकडा. 1 म्हणजे जर्मनीची मंजुरी, 11 म्हणजे इंग्लंडची. त्याच्या आसपास बाण शोधायचा. समोरून बघताना बाण उजवीकडे असला तर दिवा डाव्या रहदारीचा, बाणच नसला तर उजव्या रहदारीचा. मला बाण नसलेली जोडी मिळाली आहे, बॉशची, एच-4 बल्बची. एका आरशाला किंचित बुरा धरलाय, बाकी काच स्वच्छ. आजच्या गाड्यांच्या प्लॅस्टिकच्या काचा इथल्या उन्हात पिवळ्या पडतात, ही खरी काच असल्यामुळे तो प्रश्नच नाही.

फॉगलाइट इथे कशाला, असं तुला वाटेल. वाळवंट म्हटलं की धुकं डोक्यात येत नाही. पण या दिवसांत पहाटे समुद्राची ओल जमिनीवर बसते आणि पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसत नाही. 2008 च्या मार्चमध्ये दुबई-अबू धाबी रस्त्यावर गंतूतजवळ धुक्यात दोनशेच्या आसपास गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या.

इंडस्ट्रियल एरियातले आमचे उस्ताद पेशावरचे, हात सोन्याचा. अमेरिकन डँपर काढताना पोरगा ग्राइंडर घेऊन आला, तर त्यांनी त्याला दोन शिव्या देऊन हाकललं. डँपरमध्ये वायू दाबून भरलेला असतो, कापला तर उडून तोंडावर येईल. बोल्ट सोडून अख्खे काढले. दिवे त्यांनी रात्री लावले. भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी केली, दिव्याच्या मध्याच्या उंचीवर चिकटपट्टी मारली आणि उजेडाची धार तिच्याखाली 10 सेंटीमीटर येईपर्यंत स्क्रू फिरवत बसले. अर्धा तास त्यात गेला. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. हे सगळं आधी परवानगी काढून, बरं का. इथे वार्षिक पासिंगला दिवे मशीनवर तपासतात, आणि विनापरवाना फेरफार सापडला तर मुल्कियाचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं, नूतनीकरण अडतं.

बंपर मात्र जुना घेतला नाही. जुन्या क्रोमखाली गंज काय करतोय ते कळत नाही. व्हिएतनाममध्ये स्टेनलेसचे हुबेहूब बंपर घडवतात, तसला मागवला. क्रोमची निळसर झाक त्याला नाही, जरा पिवळट वाटतो. जाणकाराला लांबूनच कळेल. कळू दे.

अडलंय ते ब्रॅकेटवर. युरोपी ब्रॅकेट जुने मिळतात ते गंजलेले, नवे मिळतात ते पातळ पत्र्याचे. म्हणून तुझ्याकडे काम. उद्यमनगरात तुझ्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पुढचे दोन, डावा-उजवा, बनवून घे. मापाचा कागद सोबत जोडलाय. पत्रा 5 मिलिमीटर, वाकवताना बाहेरून भेग जात नाही ना ते बघ. बंपरकडची भोकं लंबगोल ठेव, 3 मिलिमीटर खेळ हवाच, कारण हे स्टेनलेसवाले दोन बंपर एकसारखे कधी करत नाहीत. झिंक प्लेटिंग करून घे आणि नायलॉनचे वॉशर वेगळे पाठव. स्टेनलेसला साधं लोखंड टेकलं तर या खाऱ्या हवेत लोखंड आधी जातं. पैसे किती झाले ते कळव, लाजू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका