दारावरचे आंकडे

मोठ्या वाड्यांत येणारा प्रत्येक माणूस कारभाऱ्याच्याच खोलींत शिरूं लागला, तर कारभार आटोपलाच म्हणावयाचा. राउटरचें तसेंच आहे, असें तीं यंत्रें सांभाळणारा आमचा पुतण्या सांगतो. पाकिटें पुढें धाडण्याचें काम मोठ्या राउटरांत निराळे भाग करितात. शेजारच्या राउटरांशीं मार्गांचीं बोलणीं मात्र एकटा प्रोसेसर करितो. त्याजवर गर्दी लोटूं नये म्हणून वर्गवार मर्यादा घालतात; २०११ सालच्या 'आरएफसी ६१९२' मध्यें याचाच विचार आहे.

परंतु मर्यादा फार आंखूड पडली, तर आगंतुकांबरोबर घरचा माणूसही दाराबाहेर राहतो. सिस्कोच्या यंत्रांत बीजीपीचा 'आहों' हा निरोप मुळांत दर ६० सेकंदांनीं येतो. १८० सेकंद तो आला नाहीं कीं संबंध तुटला, आणि दुसरी वाट नसेल तर पलीकडचीं गांवें मुकीं! अशा वेळीं किती पाकिटें घेतलीं, किती टाकलीं, तें वर्गवार पाहावें. एकदां पाहून कांहीं कळत नाहीं. थोड्या वेळानें पुन्हां पाहून वाढ कोठें ती ताडावी. टाकलेलीं पाकिटें आगंतुकांच्या वर्गांत वाढलीं तर दार नीट आहे. मार्गांच्या वर्गांत वाढलीं, तर मर्यादा सैल करण्यापूर्वीं तेथें भलतें कोणी शिरलें काय, तें बघावें. पुतण्या हें रात्रीं दोनदोन वाजतां करीत बसतो. घरांतील मंडळींस तें पसंत नाहीं. आम्ही काणाडोळा करितों.