सिरीजचा बल्ब

आमच्या घरात गिटार कुणालाच वाजवता येत नाही. तरीही माझं शिक्षण गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरवर झालं असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही. सोलापुरात अब्बांचं दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. मशिदीचा लाउडस्पीकर, मंडपवाल्याचा सेट, बँजो पार्टीचा डबा, ऑर्केस्ट्राचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर, सगळं एकाच टेबलावर यायचं. कुणी नाक मुरडलं तर अब्बा म्हणत, "आवाज कशाचा आहे ते मी बघत नाही. तो का येत नाही ते बघतो."

मी बी.एड. झाले आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले. पुढे अब्बांचा उजवा हात थरथरू लागला. दुकान बंद झालं, सोल्डरिंगची इस्त्री आणि मीटर पत्र्याच्या पेटीत घालून पलंगाखाली सरकवले गेले.

दोन वर्षांपूर्वी रमजानच्या आधी, ऐन लग्नसराईत, ऑर्केस्ट्रातला एक मुलगा दारात आला. डोक्यावर अ‍ॅम्प्लिफायर, डोळ्यांत पाणी. "चाचा, परवा प्रोग्राम आहे. दोनदा ट्रान्झिस्टर बदलले, दोनदा उडाले. आता पैसे नाहीत."

अब्बांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बेटा, पेटी काढ."

मी झाकण उघडलं. फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून लावलेली होती. अब्बा त्या मुलावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "फ्यूज उडतो तेव्हा तो तुझ्याशी बोलत असतो. तू त्याचं तोंड बांधलंस." मी तार काढून योग्य फ्यूज बसवला आणि घाईनं प्लग लावायला गेले तसे ते ओरडले, "नक्को! पहिले बल्ब लगा!"

सिरीजचा बल्ब म्हणजे शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब. तो अ‍ॅम्प्लिफायरच्या वाटेत जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि सगळा जोर स्वतः झेलतो, आतले भाग वाचतात. सगळं ठीक असेल तर कपॅसिटर भरेपर्यंत तो क्षणभर उजळतो आणि मंद होतो. आमचा बल्ब भगभगीत पेटला तो पेटलेलाच राहिला.

प्लग काढला. तरी अब्बांनी हात घालू दिला नाही. मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठलेली असते. ती रेझिस्टरमधून उतरवली, मीटरवर शून्य पाहिलं, मगच आत हात घातला. 2एन3055 आणि त्याचा जोडीदार एमजे2955, दोन्ही शॉर्ट. ते काढून पुन्हा बल्ब लावला. आता तो मंद झाला. म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर शाबूत होते.

"नवीन जोडी बसवू?" मी विचारलं.

"आधीच्यानं तेच केलं होतं," अब्बा म्हणाले. "जळालेला ट्रान्झिस्टर गुन्हेगार नसतो, बेटा. तो मार खाल्लेला असतो. मारणारा मागं कुठंतरी बसलाय."

या यंत्रात प्रत्येक टप्पा पुढच्याला सरळ जोडलेला असतो. मागच्याची चूक पुढचा भोगतो. मी एकेक भाग तपासत मागे गेले. दोन तासांनी हीट सिंकला चिकटवलेल्या एका छोट्या डायोडशी पोचले. डायोड चांगला होता, पण त्याच्या पायाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर पडली होती. गरम झालं की तिथला संपर्क तुटायचा, ट्रान्झिस्टरवरचा लगाम सुटायचा आणि दोघंही पूर्ण उघडून जळायचे. रुपया-दोन रुपयांच्या डायोडचा एक सांधा!

सांधा नव्यानं भरला. अब्रकाच्या चकत्या आणि पेस्ट लावून नवी जोडी बसवली. बल्ब उजळला आणि मंद झाला. स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवर डीसी मोजलं, अठरा मिलिव्होल्ट. मुलानं गिटारची तार छेडली, तेव्हा अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. अब्बांनी भागांचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आठवीच्या वर्गातला एक मुलगा डोळ्यांसमोर येत होता. शेवटच्या बाकावर बसायचा. विचारलं तर गप्प. वहीत भलतंच लिहायचा. मी त्याला उभं केलं, बाकं बदलली, वडिलांना बोलावून सगळ्यांसमोर सुनावलं. अहवालात स्वतःच्या हातानं लिहिलं, 'लक्ष देत नाही.' म्हणजे मीही दोनदा ट्रान्झिस्टरच बदलले होते. मागे जाऊन पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या पाठीमागे उभी राहून हळूच त्याचं नाव घेतलं. तो वळला नाही. समोर जाऊन तेच नाव घेतलं, तो लगेच उठला. तो माझे ओठ वाचत होता. मी मात्र अर्धा तास फळ्याकडे तोंड करून शिकवत होते.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. शेजारीच मागाचा खडखडाट. आई म्हणाली, "लहानपणापासून कान वाहतो, बाई. आम्हाला वाटलं, मोठा झाला की थांबेल." सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. दोन्ही कानांच्या पडद्यांना छिद्रं होती, उजव्या कानाचं मोठं. डॉक्टरांनी औषध दिलं, ऑपरेशनबद्दल नंतर ठरवू म्हणाले. मी त्याला पहिल्या बाकावर असं बसवलं की त्याचा डावा कान माझ्याकडे राहील. अहवालातली ओळ खोडली. पण वडिलांना सगळ्यांसमोर जे बोलले होते, ते खोडता येईना. त्यांच्या दारात जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या बाई," आणि दुसरीकडे पाहू लागले.

घरी येऊन अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "बल्ब मंद झाला?"

"अजून नाही, अब्बा," मी म्हणाले. "पण आता भगभगत नाही."