तारखेवार

संग्रामपूर तालुका खारपाणपट्ट्यातला, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातला. किडनीच्या तक्रारी इथे नव्या नाहीत. आमच्या उपकेंद्रातून ई-संजीवनीवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, तज्ज्ञांशी बोलणं ठरलं, की रुग्णाला मी आदल्या दिवशीच बोलावते, पिशवीसकट.

"घ्या मॅडम, सारे कागद आणले." शेगाव, खामगाव, अकोला, जिथे जिथे दाखवलं तिथली एकेक फाईल. मी आधी त्या फायली मोडते आणि सगळं तारखेवार लावते. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन आज 2.8 आहे, एवढ्यावरून पलीकडच्या डॉक्टरांना फारसं कळत नाही. ते दोन वर्षांपूर्वी 2.6 होतं की तीन महिन्यांपूर्वी 1.2, यावर पुढचं ठरतं. त्यामुळे जुन्यात जुना आकडा हुडकायचा. तो भलत्याच ठिकाणी सापडतो, हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत वगैरे. जुन्या सोनोग्राफीत किडनीची लांबी सेंटिमीटरमध्ये दिलेली असते. ती आकसत गेलेली दिसली, की दुखणं जुनं.

ईसीजीच्या पट्टीचा फोटो मी लगेच काढून ठेवते. तो कागद उष्णतेनं काळा पडतो. एका मुलानं वडिलांची पट्टी टिकावी म्हणून लॅमिनेट करून आणली होती, काळीठिक्कर! आता सगळं आभा या 14 अंकी आरोग्य-ओळख नंबरावर आपोआप दिसेल, असं शिकलेली पोरं सांगतात. दिसेल, पण लॅबवाल्यानं सात-आठ वर्षांपूर्वी हातानं लिहून दिलेला रिपोर्ट तिथे कोण चढवणार?

सगळ्यात जास्त वेळ जातो गोळ्यांवर. 'चालू औषधं आणा' म्हटलं की बीपीची येतात, शुगरची येतात. गुडघ्याचं विचारलं तर आजोबा म्हणतात, "ते काय औषध हाये का? दुखण्याची गोळी हाये ते." आणि किडनीवर उठणारी नेमकी तीच! मग आजींना घरचा डबा आणायला लावते. मेडिकलवाल्यानं चार-चार गोळ्या कापून दिलेल्या, नाव दुसऱ्याच तुकड्यावर गेलेलं. तुकडा घेऊन दुकानात विचारायला पाठवावं लागतं.

गठ्ठ्यावर एकपानी चिठ्ठी: वय, वजन, आजचं बीपी, सूज, लघवी, प्यायचं पाणी विहिरीचं की कॅनचं. बिलं मी पिशवीत परत टाकते; घरच्यांना ते पटत नाही, खर्च डॉक्टरांना दिसावा असं त्यांना वाटतं.

चिठ्ठीच्या तळाशी रुग्णाचा प्रश्न, त्याच्याच शब्दांत. "डायलिसिस लागंल का?" हे आदल्या दिवशी माझ्यापाशी बोललेलं असतं. कॅमेऱ्यासमोर बसला की तोच माणूस "बरं हाये" म्हणून मोकळा होतो.