चेपा, पण बेताने!

संध्याकाळी दादरला विरार फास्टमध्ये घुसणाऱ्यांना हा फंडा लगेच कळेल. पेशीपेक्षाही अरुंद फट, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढी. मागून प्रेशर! पेशी चेपते, तिच्या पडद्याला बारीक भोकं पडतात, भोवतालच्या द्रवातली मोठमोठी प्रोटीन्स आत शिरतात आणि थोड्या वेळात भोकं बुजतात. गर्दीत आपला खिसा रिकामा होतो, इथे तो भरतो.

या बारीक नळ्यांच्या शास्त्राला मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात. अमेरिकेत एमआयटीच्या आर्मन शरेई, रॉबर्ट लँगर, क्लाव्स येन्सन यांच्या टीमने हे चेपणं 2013 मध्ये प्रसिद्ध केलं. स्पीड सेकंदाला 20 हजार पेशी! विजेचा झटका देऊनही पेशीला भोकं पाडता येतात, पण त्यात बऱ्याच पेशी दगावतात.

मी हे सगळं वाचत बसले ते मामामुळे. त्याला लिम्फोमा आहे आणि डॉक्टरांनी कार-टीचं नाव काढलंय. आपल्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, त्यांत नवा जीन घालून त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत सोडायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार19 ला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरीही मिळाली. त्यात जीन आत नेतो तो निकामी केलेला व्हायरस. मामा तिथेच अडला.

"अगं, एक आजार कमी पडला म्हणून व्हायरस?"

मग मी त्याला चेपण्याची गोष्ट सांगितली. तीस वर्षं कल्याण लोकल केलेला माणूस, जाम खूश झाला. "हे बरंय. माझ्यासाठी कधी येणार?"

आता आली का पंचाईत! मामाला खोटी आशा दाखवणं मला जमत नाही. पडद्यातून आत शिरणं वेगळं आणि पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचून तिथे कायमचं बसणं वेगळं. दारातून आत आलात म्हणजे चौथी सीट मिळतेच असं नाही ना? जीनला ती सीट मिळवून देण्यात व्हायरस उस्ताद आहे. शरेईंच्या एसक्यूझेड कंपनीने 2020 मध्ये कॅन्सर पेशंट्सवर चाचणी सुरू केली होती, पण ती वेगळ्या उपचाराची. 2024 मध्ये तर कंपनीने तंत्रज्ञान विकून गाशाच गुंडाळला.

"म्हणजे व्हायरसच," मामा म्हणाला.

"हो मामा. तुझ्यासाठी आत्ता तरी तोच."

सोमवारी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्याने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलेत. पहिला व्हायरसचा, दुसरा खर्चाचा. तिसरा लिहून खोडलाय, तो मी वाचला नाही.