मिशी, मास्क आणि गगनबावडा

पोहायला मी शिकलो मळ्यातल्या विहिरीत, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून. चुलत्यांनी काठावरून ढकललं, तेवढंच काय ते प्रशिक्षण. त्यामुळं चाळिशीत स्कूबा शिकायला मालवणला निघालो तेव्हा पाण्याची भीती नव्हती, उलट थोडी मस्तीच होती. ती मिशीनं उतरवली.

मास्कची सिलिकॉनची कड नाकाखाली, ओठाच्या वर कातडीला चिकटावी लागते. माझ्या साताऱ्याच्या मिशीनं ती चिकटू दिली नाही. डोकं पाण्याखाली गेलं न गेलं तोच नाकाशी पाणी. प्रशिक्षकानं नुसतं मिशीकडं बोट दाखवलं. त्या रात्री नाकाखालची बारीक पट्टी वस्तऱ्यानं साफ केली. घरी आल्यावर आई म्हणाली, "हे काय थेर केलंस?"

म्हणून पहिल्यांदा काय घेऊ, असं कोणी विचारलं की मी मास्क सांगतो. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवायचा, नाकानं हलका श्वास ओढायचा आणि हात सोडायचा. चिकटून राहिला तर आपला. पडला तर कितीही महाग असो, दुकानदाराला परत. मोबाइलवरून मागवण्यात म्हणूनच अर्थ नाही. नवी काच टूथपेस्टनं चोळून घ्यायची आणि उतरण्याआधी आतून थुंकी लावून खळबळायची, म्हणजे धुकं धरत नाही. मास्कनंतर पायाला नीट बसणारे फिन. बस्स. बाकीचं भाड्यानं.

मी हौसेनं रेग्युलेटरही घेतला होता. टाकीतली २०० बार दाबाची हवा तो त्या खोलीवरच्या दाबाइतकी करून तोंडाशी देतो. त्याची दरवर्षी सर्व्हिसिंग करावी लागते. साताऱ्यात विहिरीवरची मोटर उघडणारे गल्लोगल्ली आहेत, रेग्युलेटर उघडणारा मला अजून भेटलेला नाही. वर्षातले चार दिवस तो पाण्यात, बाकी कपाटात. त्याऐवजी किती खोल, किती वेळ होतो ते मोजणारा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर घेतला असता तर शहाणा ठरलो असतो.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ गाइड धरून खाली नेतो, मासे दाखवतो, फोटो काढतो. आपल्याकडं त्यालाच 'स्कूबा केला' म्हणतात. जरूर करावा, पण ती चव झाली. ओपन वॉटर कोर्सला २०० मीटर पोहून दाखवावं लागतं, १० मिनिटं तरंगावं लागतं, समुद्रात चार डाइव्ह होतात आणि मग १८ मीटरपर्यंत जाण्याचं कार्ड मिळतं. पावसाळ्यात सगळं बंद. मी डिसेंबर-जानेवारी धरतो. मालवणचं पाणी कधी कधी ताकासारखं असतं. नितळ हवं तर मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट.

मात्र आपल्या लोकांची सहल चुकते ती परतीला. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो आणि वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. तो पुरता जायच्या आत बाहेरचा दाब आणखी उतरला तर अंगातच बुडबुडे धरू शकतात. म्हणून एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त झाले तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. हा हिशेब साधारण २००० फुटांच्या वरच्या उंचीसाठी आहे. सातारा त्याच्या वरच बसलंय. सांगली थोडी खाली, पण तिकडं जाताना घाट कुठं चुकतो?

माझ्या सांगलीच्या मित्राला हे पटत नाही. "दोनला निघू, रात्री जेवायला घरी." दरवेळी भांडण, दरवेळी मालवणात एक रात्र जास्त आणि त्याच्या नावानं एक सुरमई. मागच्या खेपेला दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. करूळ घाट चढत होतो. मालवणात घेतलेला वेफर्सचा पुडा समोर काचेपाशी पडला होता. गगनबावडा आला तोवर तो उशीसारखा टम्म फुगला. मित्रानं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि पुडा फोडून माझ्यापुढं धरला.