दुधाकडे लक्ष

वाई,
सोमवार, पहाटे

चि. मंदार,

तुझा मेसेज काल रात्री साडेदहाला आला. काढून ठेवलेला चष्मा पुन्हा लावला आणि वाचला. ‘अद्वैत वाढदिवसाला भातुकली मागतोय. प्राची म्हणते देऊ या. मला जरा कसंतरीच वाटतंय. तू शाळेत शिकवलंयस, तूच सांग.’ उत्तर एका अक्षराचं आहे : दे. तुळशीबागेत जा, पितळेची मिळेल ती आण, प्लॅस्टिकची आणू नकोस, आठवड्यात मोडते.

खरं तर पत्र इथंच संपलं असतं. पण कुणी विचारलं नसताना तू आणखी एक ओळ जोडलीस. ‘बाकी आमच्याकडे मुलगा-मुलगी असला काही फरक नाही, सई तर माझा मुलगाच आहे.’ त्या ओळीपायी मला झोप आली नाही. आता चहा ठेवून लिहायला बसलेय. मोबाइलवर एवढं टाइप होत नाही माझ्याच्यानं, आणि झालं तरी तू खाली तो अंगठा डकवून मोकळा होशील. कागद निदान घडी उलगडून वाचावा लागतो.

आधी भातुकली. तुला कसंतरी वाटतं म्हणे! अरे, आमच्या ओसरीवर मे महिन्यात तू भातुकलीशिवाय दुसरं काय खेळत होतास? फक्त तुझं काम ठरलेलं. ओसरीच्या खांबाला एक वळसा घालायचा, ‘ऑफिसातून आलो’ म्हणायचं आणि पाटावर बसायचं. माझी दोन्ही पोरं चुरमुऱ्यांचा भात आणि गुळाची आमटी करून तुला वाढायची. तू जेवायचास, ढेकर द्यायचास, पुन्हा खांबाला वळसा. एकदा धाकटी म्हणाली, आज मी ऑफिसला जाते, तू भात कर. तू रडून वहिनीकडे गेलास. आम्ही सगळ्या हसलो. तेव्हा हसायला नको होतं, असं आता वाटतं. आता वाटून काय उपयोग म्हणा.

तर आता दिवाळीचं. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण चार दिवसांची पाहुणी कशाला तोंड उघडेल? धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आपल्याकडे करंज्या चालल्या होत्या. प्राची लाटत होती, दर चार पाऱ्या झाल्या की लाटणं खाली ठेवत होती. मी भरत होते आणि अद्वैत कातण्यानं कडा कापत होता, जीभ बाहेर काढून, श्वास धरून. एक करंजी फुटली नाही त्याच्या हातची. तू आत आलास आणि म्हणालास, ‘अरे, तू काय बायकांत बसलायस? जा, खाली मुलं खेळतायत.’ पोर उठलं. पिठाच्या हातानंच बॅट घेऊन गेलं. त्या बॅटच्या मुठीवर पांढरी बोटं उमटलेली मी दुसऱ्या दिवशी पाहिली.

तासाभरानं सई कराटेच्या क्लासहून आली. दारात बूट काढत होती. गॅसवर दूध ठेवलेलं. प्राची फोनवर बोलत होती, तू सोफ्यावर होतास. सोफ्यापासून गॅसपर्यंत आठ पावलं आहेत, मी नंतर चालून मोजली. तू मान न वळवता म्हणालास, ‘सई, दूध बघ गं.’ एक बूट पायात आणि एक हातात अशी ती धावली.

मुलगाच आहे ना ती तुझा? मग ऐन दुधाच्या वेळी तुमच्या घरात मुलगी कुठून आली?

हसू नकोस. तुला वाटेल आत्याला म्हातारपणी दुधाचं खूळ लागलंय. लागलंय खरं. मुलगा वाढवणं आणि मुलगी वाढवणं यातला फरक कपड्यांच्या रंगात नाही, बॅट-बाहुलीत नाही, शाळेच्या फीमध्ये तर आता तुमच्यासारख्यांकडे मुळीच नाही. तो दुधापाशी आहे. दुधाचं कसं असतं बघ. ते कुणाला हाक मारत नाही. दहा मिनिटं नुसतं पडून राहतं आणि अर्ध्या मिनिटात ओट्यावर येतं. समोर उभं राहून टक लावली तर तापता तापत नाही, म्हणून बाई दुसरं काहीतरी करत राहते आणि अर्धं मन तिकडे ठेवते. हे अर्धं मन आठव्या-नवव्या वर्षी पोरीच्या डोक्यातून काढून घेतात आणि गॅसवर ठेवतात, ते पुन्हा परत मिळत नाही. पुढे तेच अर्धं मन सासऱ्यांच्या गोळ्यांवर राहतं, पाहुण्याच्या रिकाम्या भांड्यावर राहतं, बाळाच्या अंगाच्या कढतपणावर राहतं. आणि मुलाला? मुलाला काम सांगतात. कांदे आण, सिलिंडर लाव, कचरा टाकून ये. तू हे सगळं करतोस, मला ठाऊक आहे, आणि नाही म्हणत नाहीस. पण तुला सांगावं लागतं. तुझ्या मुलीला सांगावं लागत नाही.

आणि ‘मुलगाच आहे’ हे कौतुक मला शिकवू नकोस. अण्णा जन्मभर मला तेच म्हणाले. सुमा म्हणजे माझा तिसरा मुलगा! मी सायकल चालवायची, बँकेत जायची, गणितात पहिली यायची, म्हणून. अण्णा गेल्यावर तलाठ्यानं वारसांत माझंही नाव लावलं. कायदा १९५६ पासूनचा आहे, त्यानं काही उपकार केले नाहीत. मग हक्कसोडपत्राचा कागद आला आणि त्या दिवशी हा तिसरा मुलगा एकदम मुलगी झाला. दादाच्या शब्दाखातर मी सही केली. तो विषय मी काढणार नाही म्हटलं होतं, निघालाच बघ.

पाटण तालुक्यातल्या शाळेत माझ्या हजेरीत नकुसा होत्या. दोन मुलींवर तिसरी झाली की नाव तेच, म्हणजे पुढचा मुलगा होतो म्हणे. रोज सकाळी मी ते नाव मोठ्यानं पुकारायची आणि ती ‘हजर बाई’ म्हणायची. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात जिल्ह्यातल्या २८५ मुलींची नावं समारंभानं बदलली, वर्तमानपत्रांत फोटो आले. मला बरं वाटलं, आणि इतकी वर्षं ते नाव पुकारल्याची शरमही वाटली. तुला राग येईल, पण ‘तू माझा मुलगाच’ हे मला त्याच नावाचं साखर लावलेलं रूप वाटतं. मुलगी म्हणून पुरी पडली असती, तर मुलगा कशाला म्हणावं लागलं असतं? आणि अद्वैत उद्या अप्रतिम करंज्या करायला लागला, तर त्याला तू ‘माझी मुलगीच आहे’ म्हणशील का? म्हणून बघ एकदा, जीभ कशी अडखळते ते.

मी तरी काय मोठी शहाणी? वर्ग झाडायला मुली आणि घंटा द्यायला मुलगे, हे पाळीपत्रक बावीस वर्षं माझ्या अक्षरात भिंतीवर लागत होतं. कुणी सांगितलं नव्हतं तसं लिहायला. २००२ च्या जूनमध्ये मी ते बदललं, का ते पुढे सांगते. एका पोराचा बाप तालुक्याहून एस.टी. पकडून शाळेत आला. ‘बाई, माझ्या पोराच्या हातात केरसुणी?’ मी म्हटलं, तुमच्या पोरीच्या हातात दोन वर्षं होती, तेव्हा एस.टी. बंद होती का? त्याला हसू आलं आणि तो चहा पिऊन गेला. केरसुणी मात्र पोराच्या हातातून त्यानं घरी काढून घेतलीच असणार.

पुस्तकं बदलतात, तेवढं लवकर होतं. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात पुरुष आणि बाई शेजारी शेजारी बसून भाजी निवडतायत असं चित्र घातलं. मी निवृत्त होते, पण शेजारच्या पोराच्या दप्तरातून ते पुस्तक मुद्दाम काढून पाहिलं. तो पोरगा चित्राकडे बघून काय म्हणाला असेल? ‘आजी, यांच्याकडे आज कार्य आहे का?’ बरोबरच आहे. भाजीपाशी बसलेला पुरुष त्यानं लग्नातच पाहिलेला, आचारी म्हणून. पुरुषाला पाचशे पानांचा स्वयंपाक येतो, चौघांचा येत नाही.

त्याच साली सरकारनं देशभर एक पाहणी केली, माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची. घरकामात बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. तुझ्या भावाला, नंदूला, हे फोनवर सांगितलं तर म्हणतो, ‘दीड तास म्हणजे काही कमी नाही आत्या.’ नंदूचं गणित कच्चं, आणि शिकवलेलं माझंच. अरे, ही सरासरी ज्यांनी त्या दिवशी घरकामाला हात लावला त्यांच्यापुरती. असे पुरुष शंभरात २६, बायका ८१. उरलेल्या ७४ जणांच्या नावावर भोपळा. तो भोपळा सरासरीत धरलेलाच नाही! आणि ही पाहणी सहा वर्षांपासून पुढच्या सगळ्यांची होती. अद्वैत येत्या महिन्यात सहाचा होतो. पोर मोजणीच्या वयात आलं, मंदार. कुठल्या रकान्यात बसवायचं ते तू करंज्यांच्या दिवशी जवळपास ठरवून टाकलंस.

आता लिहू की नको असं चाललंय. चहा गार झाला, पुन्हा केला.

वहिनी गेल्यावर दादानं तीन पातेली जाळली. चौथं जळायच्या आत तू त्याला ते शिटीचं भांडं आणून दिलंस, दूध तापलं की शिटी वाजते ते. किती अभिमानानं दाखवलं होतंस मला, ‘बघ आत्या, प्रश्नच मिटला.’ मी छान आहे म्हटलं. रात्री अंथरुणात मला रडू आलं. तुम्ही तिघांनी लक्ष ठेवायला शिकण्याऐवजी दुधालाच हाक मारायला शिकवलंत.

वहिनीला शिटी नव्हती रे.

ती गेली त्या वर्षी गौरींना मी आले. दारातून आत जाऊन दहा मिनिटंही झाली नसतील, मला दिसलं की वहिनी स्टुलावर बसून पोळ्या लाटतेय. बसून लाटणारी बाई होती का ती? मग पायांकडे बघितलं. जोडवी नव्हती. विचारलं तर म्हणाली, ‘घट्ट व्हायला लागली, काढून ठेवलीत आषाढात.’ आषाढात! पाय इतके सुजलेले की बोट दाबलं तर खळगा राहायचा. तीन पुरुष त्या घरात रोज तिच्या हातची गरम पोळी खात होते. तू एकोणीस वर्षांचा होतास. वाईट नव्हतात तुम्ही कुणी. तिनं औषध आणायला सांगितलं असतं तर तिघं धावला असतात. तिनं सांगितलं नाही. मूत्रपिंडं किती दिवसांपासून जात आली होती ते नंतर डॉक्टरांनी सांगितलं, ते तू ऐकलंयस, मी पुन्हा लिहीत नाही.

मी तुला दोष देत नाही. काही वर्षं देत होते, हे कबूल करते. दादाला जास्त. मग एक दिवस शाळेच्या भिंतीवर माझ्याच अक्षरातलं ते पाळीपत्रक दिसलं, आणि कुणाला दोष द्यायचा ते कळेना. जूनमध्ये ते फाडलं.

तेराव्याला दादा तुला म्हणाला, ‘आता तू घरातला कर्ता, रडायचं नाही.’ तू रडला नाहीस. पहाटे न्हाणीघरातल्या बंबापाशी बसला होतास, ढलप्या सारत. मी मागे उभी होते. खांद्यावर हात ठेवायला पुढे झाले, तर तू म्हणालास, ‘धूर आहे आत्या, डोळ्यांत जाईल.’ अजूनही तुझे डोळे धुरानंच लाल होतात, वर्षश्राद्धाला मी बघते. अद्वैत करंजी कापताना जीभ बाहेर काढतो ना, ती तुझी सवय. इतकं मन लावणारं पोर आहे. त्याला दिसतं अजून. त्या दिवशी ‘बायकांत’ हा शब्द ऐकल्यावर त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मला वाईट वाटलं का ते बघायला. सहा वर्षं पुरी नाहीत त्याला!

बरं, भातुकली आणशील तेव्हा सईच्या वयाचा विचार करून ‘दोघांत मिळून’ असली काटकसर करू नकोस, त्याची त्याला दे. आणि खांबाला वळसा घालायला लागला तर ओरडू नकोस, फक्त त्या दिवशी तू भात कर.

पण ते नंतर बघू. लाटणं दर चार पाऱ्यांनंतर खाली ठेवणाऱ्या बाईबद्दल मी वर लिहिलं, ते तू वाचून पुढे गेलास ना? प्राचीचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. फडताळातला वरचा डबा ती डाव्या हातानं काढते, वेणी सईकडून घालून घेते. चार दिवसांत मला दिसलं. विचारलं तर ‘काही नाही आत्या’ म्हणाली. तिला उद्यावर न टाकता आजच दाखवून आण, आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला रात्री फोन करून सांग, मेसेज नको.

तुझी
सुमाआत्या