किस्सा, किरकिर आणि ओढा

आमच्या कट्ट्याचा नियम एकच. रविवारी सकाळी साडेआठला अमृततुल्यमध्ये येताना प्रत्येकाने एक किस्सा आणायचा आणि एक किरकिर. किस्सा जुन्या पुण्याचा, किरकिर आजच्या पुण्याची. दोन्हींपैकी एक जरी नसलं तर सगळ्यांच्या चहाचं बिल तुमचं. (हे ऐकून ज्यांना हसू येतंय त्यांनी आपण रविवारी मॉलमध्ये काहीही न घेता तीन तास काय करतो, ते आठवून पाहावं.)

मेंबर चार. पहिला पेशवा. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, पण ऑफिसमधल्या बगपेक्षा अठराव्या शतकातल्या भानगडी त्याला जास्त पाठ. दुसरी आर्किटेक्टबाई. फुटपाथची उंची ती नुसत्या नजरेने इंचात सांगते आणि मग दहा मिनिटं चिडते. तिसरा अर्जदार. त्याच्याकडे महापालिकेला दिलेल्या अर्जांची एक जाडजूड फाइल आहे, प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर ‘आवक’चा शिक्का. लोक क्रिकेटरच्या सह्या जमवतात, हा शिक्के जमवतो. चौथी मी. मी फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे या तिघांनी सांगितलेलं ऐकून घेते आणि दोन आठवड्यांनी कुठेतरी छापून आणते.

किश्श्यांना पुण्यात तोटा नाही. खुन्या मुरलीधराचंच घ्या. १७९७ साली सदाशिव पेठेत मूर्तीच्या प्रतिष्ठापनेच्या वेळी दोन बाजूंच्या सशस्त्र शिपायांमध्ये जुंपली, माणसं मेली आणि नाव पडलं खुन्या मुरलीधर. देव बिचारा नुसता बासरी घेऊन उभा होता! यावर अर्जदाराची किरकिर तयारच. ‘‘आजही तेच. रस्ता खणतो एक, बुजवत नाही दुसरा आणि पोलीस मला विचारतात, गाडी हळू चालवता येत नाही का?’’

पण पेशव्याचा हुकमी विषय म्हणजे भुयार. तुम्ही पेठेत वाढला असाल तर तुमच्या वाड्यातून थेट शनिवारवाड्यात निघणारं भुयार होतं, हे तुम्हाला कोणीतरी नक्की सांगितलेलं असणार. आमच्या आजोबांच्या वाड्यातही होतं म्हणे. पेशव्याचं म्हणणं, एवढी भुयारं खरी असती तर शनिवारवाडा कधीच खचला असता! त्याच्या मते यातली बरीचशी ‘भुयारं’ म्हणजे कात्रजचा नळ. १७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला आंबिल ओढ्यावर बांध घालून तलाव केले आणि तिथून जमिनीखालून बांधीव नळाने पाणी शहरात आणलं. पंप नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर. नळ काही ठिकाणी माणूस आत चालू शकेल एवढा उंच. मध्येमध्ये हवेसाठी आणि साफसफाईसाठी उच्छ्वास. गाळ खाली बसायचा, वरचं पाणी पुढे जायचं आणि पेठांमधल्या हौदांत पडायचं. काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद ही नावं आपण आता रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती वापरतो. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या कामात जमिनीखाली पोकळी सापडली, तेव्हा गावभर ‘भुयार सापडलं’ झालं. तेही पाण्याचंच जुनं बांधकाम असल्याचं सांगण्यात आलं. त्या रविवारी पेशव्याचा चेहरा असा होता की जणू त्यानेच बांधलं होतं.

आणि याच गप्पांमधून आमच्या कट्ट्यावर ओढा आला.

झालं असं, की २०१९च्या जूनमध्ये अर्जदाराच्या घरच्यांनी सहकारनगरच्या बाजूला तळमजल्यावर फ्लॅट घेतला. काकांचे गुडघे दुखायचे, म्हणून तळमजला. मागच्या बाजूला झाडी, शांतता, किचनच्या खिडकीतून वारा. आम्ही तेव्हा सगळे कॉलेजच्या शेवटच्या वर्षांत होतो. पेशव्याने पत्ता ऐकला आणि टाळी वाजवली. ‘‘अरे, मागे आंबिल ओढा! तू तर पेशवाईच्या शेजारी राहायला गेलास!’’

मग साग्रसंगीत किस्सा झाला. हा ओढा पूर्वी आजच्या मध्यवस्तीतून वाहत जाऊन शनिवारवाड्याच्या जवळ मुठेला मिळायचा. नानासाहेबांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून त्याला पश्चिमेकडे वळवला, आजच्या दांडेकर पुलाच्या बाजूने. गाव वाढवायला जागा झाली आणि पर्वतीखाली तळं झालं. सारसबागेतला गणपती ‘तळ्यातला’ आहे तो त्यामुळे. तळं गेलं, बाग आली, नाव राहिलं. ‘‘पावसाळ्यात तिथल्या रस्त्यावर तळं परत येतं की,’’ आर्किटेक्टबाई म्हणाली. मी म्हटलं, ‘‘अर्जदारा, अभिनंदन. रिव्हर व्ह्यू प्रॉपर्टी!’’ आम्ही फुल टू हसलो. अर्जदारही हसला. मग म्हणाला, ‘‘मागची भिंत मात्र कललीय रे. अर्ज टाकतो.’’ यावर तर आणखीनच हसलो.

मला विषय सापडला होता. मासकॉमच्या आमच्या विभागाचा अंक निघायचा, त्यात मी तीनशे शब्द लिहिले. मथळा दिला ‘पुण्याचा हरवलेला ओढा’. सरांनी वर्गात वाचून दाखवला. सॉलिड भाव खाल्ला मी आठवडाभर.

२५ सप्टेंबर २०१९. बुधवार. रात्री कात्रजच्या बाजूला जो पाऊस कोसळला, तो पुण्यात असलेल्यांना वेगळा सांगायला नको. त्या रात्री शहरात आणि आसपास मिळून वीसहून जास्त माणसं गेली. अरण्येश्वरच्या बाजूला भिंत कोसळून लोक गेले. अर्जदाराचा फोन रात्री अकराच्या आधी आला आणि एका वाक्यात कट झाला. ‘‘पाणी मागून येतंय.’’

मागून. पुढच्या गेटवर सगळे नजर ठेवून होते, गाड्या वर काढत होते आणि ओढा किचनच्या दारातून आत आला. कललेली भिंत आधी गेली, मग दार. अर्जदाराने आणि वरच्या मजल्यावरच्या दोन मुलांनी काकांना खुर्चीसकट उचलून दुसऱ्या मजल्यावर नेलं. काकू तोवर कमरेएवढ्या पाण्यात देवाचा डबा शोधत होत्या.

सकाळी मी आणि पेशवा पोचलो. फ्रिज हॉलच्या दारात आडवा पडलेला, गॅसचा सिलिंडर बेडरूममध्ये आणि सगळ्या घरात घोटाभर काळा चिखल. त्याचा वास अजून डोक्यातून जात नाही. काकू खराट्याने चिखल ओढत होत्या. मला बघितल्यावर थांबल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, ‘‘तू लिहिलं होतंस ना गं या ओढ्यावर? याने दाखवलं होतं मला. छान होतं.’’

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी खराटा घेतला आणि कामाला लागले, कारण दुसरं काही सुचेना. हरवलेला म्हणे! काकूंच्या किचनच्या ओट्यापासून पंधरा फुटांवर होता तो. मला माहीत होतं, पेशव्याला माहीत होतं, तो कुठून आला आणि कोणी वळवला हेसुद्धा माहीत होतं. फक्त पाऊस पडला की तो काय करेल, हा प्रश्न आमच्या किश्श्यात नव्हता.

दुपारी अर्जदार गच्चीवर फाइल वाळत घालत होता. एकेक अर्ज वेगळा करून, दोरीला चिमटे लावून. त्यातच जुलै २०१९चा अर्ज होता. विषय: सोसायटीच्या मागील सीमाभिंतीची धोकादायक स्थिती. शाई पसरली होती. शिक्का शाबूत.

त्यानंतर तीन रविवार कट्टा भरला नाही. चौथ्या रविवारी आर्किटेक्टबाई नकाशे घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘चहा नंतर. आधी चालायचं.’’ आम्ही कात्रजपासून खाली दांडेकर पुलापर्यंत ओढा धरून चाललो, म्हणजे जिथे धरता आला तिथे. मध्येच तो पार्किंगच्या मागे गडप होतो, मध्येच एका छोट्याशा मोरीतून बाहेर येतो, मध्येच दोन भिंतींच्या फटीत वाहतो. बऱ्याच जागी तो डोळ्यांनी नाही, नाकानेच सापडतो. वाटेत ज्याला विचारावं तो म्हणायचा, ‘‘ओढा? अच्छा, नाला होय!’’ माझ्या मते घोटाळा इथेच सुरू होतो. ओढ्याला पात्र असतं, पूर असतो, उगम असतो. नाल्याला फक्त घाण असते. एकदा नाला म्हटलं की त्याला जागा सोडायची गरज वाटत नाही.

आमच्या आजीच्या पिढीत ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ अशी कालगणना होती. १२ जुलै १९६१ला धरण फुटल्यानंतर तिचं माहेर नदीकाठचं राहिलंच नाही. तिने आयुष्यात कुठलंही घर बघताना पहिलं विचारलं, नदी किती लांब? आम्ही तिला हसायचो, तेही आठवलं.

२०२१च्या जूनमध्ये ओढ्याचं पात्र सरळ करण्याच्या कामासाठी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतली घरं ऐन पावसाळ्यात पाडायला घेतली, मोठा गदारोळ झाला आणि कोर्टाने स्थगिती दिली. त्यावरून कट्ट्यावर आमचं पहिलं खरं भांडण झालं. आर्किटेक्टबाई म्हणाली, ओढ्याला रुंदी द्यावीच लागेल, नाहीतर पुन्हा तेच. अर्जदार म्हणाला, मग रुंदी नेमकी याच घरांमधून का काढायची, वरच्या सोसायट्यांमधून का नाही? माझी सोसायटी धर, माझी! ती दोन रविवार आली नाही. मला दोघांचंही पटतं. म्हणजे मी कुंपणावर बसलेली आहे आणि ते कुंपणही बहुतेक ओढ्याच्या पात्रातच असावं.

अर्जदाराच्या मागची भिंत नवीन झाली. आधीपेक्षा तीन फूट उंच, त्याच जागी. ओढा आता किचनमधून दिसत नाही. काका-काकू अजून तिथेच राहतात. विकायचा म्हटला तर गिऱ्हाईक नाही आणि पाऊस लागला की काकू देवाचा डबा माळ्यावर ठेवतात. कट्टा परत सुरू आहे. किस्से येतात, किरकिरी तर येतातच, पण पेशव्याचा किस्सा रंगात आला की अर्जदार मध्येच विचारतो, ‘‘आणि ते पाणी आता कुठे जातं?’’ पहिल्यांदा पेशवा वैतागायचा. आता शोधून येतो.

गेल्या महिन्यात मी भाड्याचा फ्लॅट बघत होते. एजंट एकदम उत्साही. रोड टच, चोवीस तास पाणी, तळमजला असल्याने भाडं कमी. किचनची खिडकी उघडून म्हणाला, ‘‘वारा बघा मॅडम!’’

वारा खरंच छान होता. मी विचारलं, ‘‘मागे काय आहे?’’

‘‘मागे? काही नाही मॅडम, नाला आहे.’’